आधी निर्णयांची यादी, मग पावसाचा अंदाज

हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून ओळखीचे शेतकरी मला एकच विचारतात, "ताई, यंदा पाऊस कसा आहे म्हणे?" मी उलट विचारते, "तुम्हाला नेमकं काय ठरवायचंय? आणि कुठल्या तारखेपर्यंत?" बहुतेकांकडे याचं उत्तर तयार नसतं, आणि हंगामी अंदाज तिथेच वाया जातो. ऐकून माणूस खूश होतो किंवा धास्तावतो, पेरणी मात्र दरवर्षीसारखीच करतो.

मी ११ एकर कोरडवाहू शेती बघते. चार एकर भारी काळी, सात एकर हलकी, मुरमाड. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ३० वर्षं रोज सकाळी पर्जन्यमापकातला पाऊस मोजून वहीत लिहिला. हात थरथरायला लागल्यावर वही माझ्याकडे आली. तेव्हापासून मी पावसाच्या आकड्याशेजारी त्या वर्षीचा हंगामी अंदाज आणि आम्ही घेतलेला निर्णयही लिहून ठेवते. त्यातून जी रीत बसली ती सांगते.

यादी कशी करायची

कोऱ्या कागदावर हंगामातले सगळे निर्णय लिहा. कोणतं पीक किती एकरांवर, वाण लवकर येणारं की उशिरा येणारं, एकरी बियाणं किती, पेरणीसोबत खत किती आणि नंतर किती, जनावरं किती ठेवायची, वैरण किती साठवायची, शेततळ्यातलं पाणी कशासाठी राखायचं, कर्ज किती काढायचं. प्रत्येक निर्णयासमोर दोन गोष्टी लिहा: तो शेवटी कोणत्या तारखेला घ्यावाच लागतो, आणि घेतल्यावर फिरवता येतो का.

मी पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा दिसलं की निम्मे निर्णय पेरणीनंतरही घेता येतात. वरखत कधी आणि किती द्यायचं, विरळणी करायची का, कोळपणीच्या पाळ्या किती, तळ्यातलं पाणी कोणत्या पिकाला, हे सगळं पडलेला पाऊस बघून ठरवता येतं. जे थांबून ठरवता येतं ते अंदाजावर कधीच ठरवू नका. मोजलेल्या पावसासमोर कोणताही अंदाज कच्चाच.

मग अंदाजासाठी उरतं काय? माझ्या यादीत पाचच गोष्टी उरल्या: पीक, वाण, एकरी बियाणं, वैरण आणि कर्ज. या पाचही गोष्टी पाऊस यायच्या आधी ठरवाव्या लागतात आणि नंतर फिरवता येत नाहीत. तुमची यादी वेगळी निघेल. फळबाग असेल तर वाण बदलायचा प्रश्नच नाही, पण पाण्याचं नियोजन पहिल्या क्रमांकावर येईल. शेळ्या-मेंढ्या असतील तर कळप किती ठेवायचा हाच सगळ्यात मोठा निर्णय.

अंदाज नेमकं काय बोलतो

दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी पाऊस पडेल असं भरवशानं सांगता येत नाही, कारण वातावरण फार चंचल आहे. मग तीन-चार महिन्यांचा अंदाज कसा निघतो? समुद्रामुळे. समुद्राचं पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, आणि त्याच्या वरच्या हवेला महिनोन्‌महिने एका बाजूला कलवत राहतं. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला आणि पूर्वेचा भाग नेहमीपेक्षा तापला की एल निनो, निवला की ला निना. त्यामुळे कुठल्या दिवशी पाऊस येईल ते कळत नाही, पण पूर्ण हंगामाचा कल कोणत्या बाजूला झुकलाय ते काही प्रदेशांत कळतं.

हे शोधायला माणसांनी शंभर वर्षं घालवली आहेत. भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात हिमालयावरच्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध लावून हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली. १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाची कारणं शोधायला बसले आणि त्यांना प्रशांत महासागराच्या दोन बाजूंमधला हवेच्या दाबाचा झोपाळा सापडला. एक बाजू चढली की दुसरी उतरते. समुद्राचं तापमान आणि हा झोपाळा एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे १९६९ साली हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी मांडलं. एका दुष्काळाचं कोडं सोडवताना अर्ध्या पृथ्वीची हवा जोडलेली आहे हे कळलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता हे काम संगणकावरची मॉडेलं करतात. युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र आपलं हंगामी मॉडेल दर महिन्याला ५१ वेळा चालवतं, प्रत्येक वेळी सुरुवातीची स्थिती किंचित बदलून. समजा त्या ५१ पैकी २३ वेळा तुमच्या प्रदेशात कोरडा हंगाम निघाला, तर कोरड्याची शक्यता ढोबळमानानं ४५ टक्के. म्हणजे ५५ टक्के शक्यता कोरडा नसण्याची! हे डोक्यात ठेवलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

टक्क्यांचा आणखी एक मोठा घोळ आहे आणि त्यात मीही बरीच वर्षं अडकले होते. "यंदा ९६ टक्के पाऊस" यातले टक्के पावसाच्या प्रमाणाचे असतात, दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के. "कमी पावसाची शक्यता ४५ टक्के" यातले टक्के शक्यतेचे. दोन्ही बातम्या एकाच दिवशी येतात आणि ऐकणारा त्यांची गल्लत करतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत देशभराचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असेल तर तो सामान्य, १०५ ते ११० सामान्यापेक्षा जास्त, ९० च्या खाली तुटीचा. विभागाच्या एप्रिलमधल्या पहिल्या अंदाजाच्या आकड्यासोबत अधिक-उणे ५ टक्क्यांची चूक धरलेली असते, ती बातमीत बहुधा गळून जाते. ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग अनेकदा तिसऱ्याच भाषेत बोलतो: "मध्यकापेक्षा जास्त पाऊस होण्याची शक्यता ४० टक्के." मध्यक म्हणजे असा आकडा की निम्म्या वर्षी पाऊस त्याच्या वर, निम्म्या वर्षी खाली. म्हणजे कोरड्या बाजूला ६० टक्के. अंदाज हातात आला की पहिल्यांदा विचारा, हे टक्के कशाचे? आणि ते किती मोठ्या प्रदेशाचे? देशाचा आकडा माझ्या मुरमाड तुकड्यावर लागू होत नाही. शक्यतांचे विभागवार नकाशे असतात, ते बघा.

तीन ढीग

बहुतेक केंद्रं तीन भागांत शक्यता देतात: कमी, मध्यम, जास्त. "मध्यम म्हणजे किती?" असं अण्णांनी विचारलं आणि मला सांगता येईना. मग आम्ही दोघं ओसरीवर बसलो. त्यांच्या वहीतली ३० वर्षं ३० कार्डांवर उतरवली, प्रत्येकावर हंगामाचा एकूण पाऊस. सगळ्यात कमी पावसाची दहा कार्डं डावीकडे, सगळ्यात जास्तीची दहा उजवीकडे, उरलेली दहा मध्ये. डाव्या ढिगाच्या वरच्या कार्डावर ५४२ मिलिमीटर होते, उजव्या ढिगाच्या खालच्या कार्डावर ६८७. झाली आमच्या शेताची व्याख्या. कमी म्हणजे साधारण ५४० च्या आत, जास्त म्हणजे ६९० च्या पुढे.

अंदाजच नसेल तर प्रत्येक ढिगातून कार्ड निघायची शक्यता सारखी, ३३ टक्के. "कोरडा ४५, मध्यम ३५, ओला २०" असा अंदाज आला तर समजायचं की डावा ढीग थोडा जाड झालाय आणि उजवा पातळ. पण उजवा ढीग तिथेच आहे. पाचातून एकदा तोच निघेल. अण्णा आधी म्हणायचे, "टक्के कोणत्या पोत्यात भरायचे?" कार्डं मांडल्यावर त्यांनी स्वतःच एकेक कार्ड उचलून त्या साली काय पेरलं होतं आणि काय निघालं होतं ते सांगायला सुरुवात केली. मी मागच्या बाजूला लिहून घेत गेले. आमच्या शेतावरची सगळ्यात कामाची माहिती त्या संध्याकाळी जमा झाली.

तुमच्याकडे वही नसेल तर जवळच्या पर्जन्यमापन केंद्राचे आकडे मिळवा. ३० वर्षं हवीत. १० वर्षांत ढीग नीट पडत नाहीत.

टक्क्यांवरून एकरांपर्यंत

इथे थोडं गणित आहे, पण ते सोडू नका. उशिरा येणारं वाण आणि लवकर येणारं वाण यांत निवड करायची आहे. कार्डांच्या मागच्या बाजूवरून माझे ढोबळ आकडे असे: उशिराच्या वाणाचा एकरी उतारा ओल्या वर्षी १२ क्विंटल, मध्यम वर्षी ९, कोरड्या वर्षी ३. लवकर येणाऱ्याचा ८, ८ आणि ६. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

अंदाज नसताना, तिन्ही ढीग सारखे धरले तर, उशिराच्या वाणाची सरासरी येते ८ क्विंटल आणि लवकरच्याची ७.३. म्हणून दरवर्षी डोळे झाकून एकच वाण पेरणाऱ्यानं उशिराचं निवडलं तर त्याचं चुकत नाही. आता अंदाज आला ४५-३५-२०. उशिराचं वाण: १२ चे २० टक्के २.४, ९ चे ३५ टक्के ३.१५, ३ चे ४५ टक्के १.३५, बेरीज ६.९. लवकरचं वाण: १.६ अधिक २.८ अधिक २.७, बेरीज ७.१. पारडं फिरलं, पण केसभर. कोरड्याची शक्यता ५५, मध्यम ३०, ओला १५ असती तर ६.१५ विरुद्ध ६.९, म्हणजे फरक ठळक.

यातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली: ४० टक्क्यांच्या आसपासचा अंदाज पूर्ण शेत उलटं करायला पुरेसा नसतो. त्यावर मी हलक्या जमिनीचे दोन-तीन एकर बदलते, भारी जमीन तशीच ठेवते, कारण भारी जमीन ओल धरून ठेवते आणि तिथे उशिराचं वाण कोरड्या वर्षीही तग धरतं. ५० च्या पुढे गेला तर सातही एकर हलकी जमीन लवकरच्या वाणाला जाते. दुसरी गोष्ट: सरासरी हे घराचं पोट नव्हे. कोरड्या वर्षीचे ३ क्विंटल आणि ६ क्विंटल यांतला फरक कर्जात बुडण्याचा असू शकतो. ज्याच्याकडे मागे दोन वर्षांची पुंजी आहे त्यानं सरासरीवर जावं. ज्याचं मागचंच वर्ष बुडालंय त्यानं कोरड्या वर्षीच्या आकड्यावर बोट ठेवून ठरवावं. एकच अंदाज, दोन शेतकरी, दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

वैरणीसारख्या गोष्टींसाठी याहून सोपा हिशेब आहे. आगाऊ वैरण साठवायचा जादा खर्च एक हिस्सा धरा. साठवली नाही आणि वर्ष कोरडं गेलं तर होणारा तोटा तीन हिस्से धरा. खर्च भागिले तोटा, म्हणजे एक तृतीयांश. कोरड्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या वर गेली की साठवा. पण तोटा पाच हिस्से असेल, म्हणजे जनावरं मातीमोल विकावी लागणार असतील, तर उंबरठा २० टक्क्यांवर येतो. कोरड्याची शक्यता २० च्या खाली गेलेला अंदाज क्वचितच येतो. म्हणजे अशा घरानं अंदाजाची वाट न बघता दरवर्षीच वैरण साठवायला हवी. अंदाजाचा हिशेब करता करता कुठल्या निर्णयाला अंदाज लागतच नाही हेही कळतं.

एल निनो हा शब्द ऐकून हात आखडू नका

एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलंय आणि त्यानं नुकसान केलंय. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वात जोरकस एल निनोंपैकी एक. त्या वर्षी भारताचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्याच हंगामात आफ्रिकेच्या दक्षिण भागात दुष्काळाची हाकाटी झाली. झिंबाब्वेत कर्जपुरवठ्यानं हात आखडता घेतला, पेरा घटला, आणि पाऊस मात्र भीती होती तितका वाईट निघाला नाही. ऑस्ट्रेलियात २०२३ च्या सप्टेंबरात एल निनो जाहीर झाला, पुष्कळ पशुपालकांनी कळप कमी केले, आणि नोव्हेंबरपासून पूर्वेकडच्या भागात भरपूर पाऊस पडला. उलट बाजूही आहे. २००९ साली एल निनो होता आणि भारतात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला, २०१५ साली ८६ टक्के.

कारण असं की प्रशांत महासागर एकटा काही ठरवत नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा जास्त तापला तर भारतात आणि पूर्व आफ्रिकेत तो पावसाला मदत करू शकतो. या दोन टोकांच्या खेळाला द्विध्रुव म्हणतात आणि त्याचं वर्णन १९९९ साली झालं. म्हणून एका शब्दावर जाऊ नका, शक्यतांचा पूर्ण आकडा बघा. त्यात या सगळ्या गोष्टी धरलेल्या असतात.

मी आमच्या ३० कार्डांपैकी एल निनोच्या वर्षांच्या कार्डांना कोपऱ्यात लाल ठिपका दिला. निम्मे ठिपके डाव्या ढिगात होते, उरलेले मध्ये, आणि एक चक्क उजवीकडे. तुमच्या शेतावर हे करून बघा. काही प्रदेशांत लाल ठिपके एकाच ढिगात गोळा होतील, तिथे हंगामी अंदाजाचा भरवसा जास्त. काही ठिकाणी ते तिन्ही ढिगांत सारखे विखुरतील, तिथे पावसाच्या हंगामी अंदाजावर पैसा लावू नका, आपल्या तीन ढिगांवरच चाला. आठ-दहा ठिपक्यांवरून छातीठोक निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून अंदाज देणारी केंद्रं मागच्या अनेक वर्षांचा पडताळा नकाशावर देतात तोही बघा. तापमानाचा हंगामी अंदाज बहुतेक ठिकाणी पावसापेक्षा जास्त भरवशाचा असतो. त्याचा उपयोग पाण्याची गरज आणि जनावरांच्या सावलीची सोय ठरवायला होतो, आणि लोक तो वाचतही नाहीत.

वेळेचंही भान ठेवा. मार्च ते मे या महिन्यांत प्रशांत महासागर कूस बदलत असतो आणि त्याआधी केलेला अंदाज या काळाच्या पलीकडे नीट बघू शकत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी मार्चमध्ये आलेला आकडा मी फक्त वहीत नोंदते. बियाणं त्यावर घेत नाही. मे अखेरच्या अंदाजावर मात्र नजर ठेवते, आणि तोवर बियाणं विकणाऱ्याकडे दोन्ही वाणांची चौकशी करून ठेवते. ज्यांचा पावसाळा वर्षाच्या शेवटी असतो त्यांचं नशीब या बाबतीत बरं.

बेरीज चांगली, वर्ष वाईट

एका वर्षी मध्यम ते चांगल्या पावसाचा अंदाज होता. मी हलक्या जमिनीतही सातही एकर उशिराचं वाण पेरलं आणि खताचा पूर्ण डोस पेरणीसोबतच दिला. पीक गुडघ्याएवढं झालं आणि पाऊस थांबला तो ३८ दिवस. मुरमाड जमिनीतलं पीक डोळ्यांसमोर करपलं. पुढे हंगाम संपता संपता चार दिवस झड लागली आणि एकूण पाऊस मध्यम ढिगात जाऊन बसला. अंदाज बरोबर ठरला होता आणि माझं शेत बुडालं होतं. त्या वर्षीचं कार्ड मी अजून हातात घेते तेव्हा पोटात कालवतं.

हंगामी अंदाज बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही. २०२३ साली भारताचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला, म्हणजे कागदावर थोडासाच कमी. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वात कोरडा ऑगस्ट होता. फुलोऱ्यात असलेल्या पिकाला बेरजेचा काय उपयोग?

म्हणून मी आता तीन वेगवेगळ्या पल्ल्यांचे अंदाज तीन वेगवेगळ्या कामांना लावते. हंगामी अंदाजावर वाण, वैरण आणि कर्ज. दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजावर पेरणीची वेळ. विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा एक मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांत फेरी मारतो. मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ साली तो ओळखला. तो जवळ येतोय की लांब जातोय यावरून पुढच्या पंधरवड्यात पाऊस जोर धरेल की उघडीप देईल याचा काहीसा सुगावा लागतो. दुबार पेरणीचं संकट टाळायला हाच अंदाज कामाचा. आणि पाच दिवसांच्या अंदाजावर फवारणी, वरखत, काढणी. हंगामी अंदाज बघून फवारणीचा दिवस काढणं जितकं चूक, तितकंच पाच दिवसांच्या अंदाजावर वाण निवडणं.

खताचा धडाही तिथेच मिळाला. तेव्हापासून नत्र मी तोडून देते. पेरणीसोबत एक तृतीयांश, उरलेलं पाऊस बघून. कोरडं वर्ष निघालं तर उरलेलं खत पोत्यातच राहतं आणि पुढच्या हंगामाला उपयोगी पडतं.

पायाखालची ओल

पेरणीच्या दिवशी जमिनीत किती ओल आहे हे अंदाजाइतकंच, काही ठिकाणी अंदाजापेक्षाही जास्त सांगून जातं, आणि त्यात कुठलीही टक्केवारी नाही. मी मीटरभर लांबीची लोखंडी सळई वापरते, वर आडवी मूठ आहे. ओली माती सळईला आत घेते, कोरडी अडवते. शेतात आठ-दहा ठिकाणी खुपसून किती खोल जाते ते मोजते. दगड लागला की जागा बदलायची. भारी काळ्या जमिनीत मीटरभर खोलीपर्यंत पिकाला मिळेल असं १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी मावतं. उथळ मुरमाडात त्याचा तिसरा हिस्साही नाही.

ओल आणि अंदाज यांची जोडी लावा. ओल खोलवर आणि अंदाज कोरडा: भारी जमिनीत निर्धास्त पेरा, फक्त एकरी रोपं थोडी कमी ठेवा. ओल वरच्यावर आणि अंदाज कोरडा: इथे खरं सावध व्हायचं, लवकरचं वाण, कमी बियाणं, कमी कर्ज, आणि शक्य असेल तर एखादा तुकडा वैरणीसाठीच. ओल वरच्यावर आणि अंदाज ओला असेल तर घाई करू नका, पुढच्या चांगल्या पावसाची वाट बघा. चौथी जोडी, खोल ओल आणि ओला अंदाज, ही सोन्यासारखी असते आणि नेमकी हीच आपण वाया घालवतो.

यावर मला जरा थांबायचंय. आपण अंदाज फक्त संकटासाठी ऐकतो. पण दहा वर्षांतली दोन-तीन चांगली वर्षं पुढच्या वाईट वर्षांचा खर्च भरून काढतात. त्या वर्षी नेहमीसारखंच जपून पेरलं, खत जपून दिलं, तर पीक नत्राला भुकेलं राहतं आणि पाऊस वाहून जातो. हा तोटा करपलेल्या पिकासारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी हळहळत नाही. ओल्याची शक्यता ४५ च्या पुढे आणि सळई मीटरभर आत, असं जुळलं की मी उशिराचं वाण वाढवते, वरखताची सोय आधीच करून ठेवते, बांधाकडेचे चर पेरणीआधी मोकळे करते, आणि बुरशीच्या रोगांसाठी औषध हाताशी ठेवते. तणही त्या वर्षी दुप्पट येतं, तेव्हा मजूर आधी बोलून ठेवा.

ठरलेलं कागदावर

पाऊस लांबला की घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि आवाज चढतात. म्हणून आम्ही पेरणीआधी शांत डोक्यानं अटी लिहितो आणि कागद दाराच्या मागे लावतो. गेल्या हंगामाच्या कागदावर असं होतं: ठरलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत आठवड्याभरात ७५ मिलिमीटर पाऊस झाला नाही तर हलक्या जमिनीत मुख्य पीक घ्यायचं नाही, वैरणीचं पीक घ्यायचं. पेरणीनंतर २० दिवस खंड पडला तर वरखत नाही, आणि तळ्यातलं पाणी फक्त भारी जमिनीतल्या फुलोऱ्याला. हंगामाच्या मध्याला वैरणीचा साठा चार महिन्यांच्या खाली गेला तर दोन जनावरं बाजार पडण्याआधी विकायची. जनावरांच्या अटीवर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं, कारण कोणती दोन हे आधी लिहायला कुणी तयार नव्हतं. शेवटी नावं लिहिली. न लिहिता अट पाळली जात नाही.

यात आकडे माझ्या जमिनीचे आहेत. तुमचे तुमच्या कार्डांवरून काढा: ज्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली त्या वर्षी पेरणीआधी किती पाऊस झाला होता, हे बघितलं की आकडा आपोआप समोर येतो.

हंगाम संपल्यावर

काढणी झाली की वहीत एक पान भरायचं. अंदाज काय होता, टक्क्यांसकट. सळई किती आत गेली होती. काय ठरवलं आणि का. पाऊस किती झाला, कोणत्या ढिगात गेला, सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा. उतारा किती. आणि शेवटी एक वेगळी ओळ: हाती असलेल्या माहितीवर निर्णय बरोबर होता का? पिकाकडे न बघता या ओळीचं उत्तर द्यायचं. ४५ टक्क्यांवर लवकरचं वाण पेरलं आणि वर्ष ओलं निघालं तर निर्णय चुकला असं लिहू नका. तो उजवा ढीग निघाला, एवढंच.

एका वर्षावरून अंदाज खरा की खोटा हे ठरत नाही. माझ्या वहीत ज्या वर्षी कोरड्याची शक्यता ४० ते ५० टक्के सांगितली होती अशी सात वर्षं आहेत. त्यातली तीन खरोखर कोरडी गेली. लोकांच्या लेखी अंदाज चार वेळा फसला. मी तीच सात कार्डं मोजते तेव्हा ४० ते ५० टक्क्यांचा अंदाज जसा वागायला हवा तसाच वागलेला दिसतो.

गेल्या हंगामाचं कार्ड परवाच लिहिलं. अंदाज कोरडा ४०, मध्यम ३५, ओला २५. सळई भारी जमिनीत ८० सेंटिमीटर, हलक्यात ३०. हलक्याचे तीन एकर लवकरचं वाण, बाकी नेहमीप्रमाणे. पाऊस ६१० मिलिमीटर, मोठा खंड १७ दिवसांचा, दाराच्या मागच्या कागदावरची एकच अट लागू झाली. अण्णांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, "मधल्यात ठेव" म्हणाले, आणि पर्जन्यमापकाच्या तोंडावर पानं साचलीत का ते बघून यायला सांगितलं.